विसावी सोंगटी

मी किरकिरा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पंचवीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतो आहे, आधी ट्रेसिंग पेपरवर शाईनं, आता कॉम्प्युटरवर. कागदावर एक भिंत दोन इंच सरकली तरी मला दिसते, आणि दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे ऑफिसात चहाला जाताना मला कोणी हाक मारत नाही. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात दोन खोल्यांत एकटा राहतो. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात आवाज होता. आता रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही, संध्याकाळी किराणावाल्याशी बोलायच्या आधी घसा खाकरावा लागतो. मला फार एकटं वाटतं. हेही लिहून टाकलं, बरं झालं.

अशाच एका रविवारी मोबाइलवर मला एक पुस्तक दिसलं. आम्ही कॉलेजात असताना टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचो, त्याच जातीच्या खेळाच्या नियमांचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक वीर व्हायचं. भुयार आलं, डावीकडे वळणार की उजवीकडे? राक्षस आला, पळणार की लढणार? आणि लढलात तर लागलं की चुकलं, हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकायचा. असे खेळ पुढं खूप बदलले, सोपे झाले, गोड झाले. पण आता काही लोक ते पहिले, खडूस नियम जसेच्या तसे पुन्हा लिहून छापतात. जुनं पुस्तक मिळत नाही ना, मग घ्या त्याची नवी नक्कल. मी लगेच मागवलं.

पुस्तक आलं तेव्हा माळ्यावरून जुन्या नियमांची आमची झेरॉक्स काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तीन रविवार गेले त्यात. जुन्या खेळात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भारी, हा उफराटा हिशेब होता. नवे लोक तो सरळ करून टाकतात आणि माझं डोकं फिरतं. अरे बाप्पा, सरळच करायचं होतं तर जुनं म्हणून विकता कशाला? या पुस्तकानं तो उफराटाच ठेवला होता. विषाचा नियमही तसाच, दयामाया नाही: कोळी चावला, एक फासा टाका, वाचलात तर वाचलात, नाही तर मेलात. एका तक्त्यात दोन ओळींचे आकडे एकमेकांवर चढले होते, ती मूळ चूकसुद्धा त्यांनी तशीच ठेवून खाली टीप दिली होती. मी खूश झालो. मला वाटलं, खेळ परत मिळाला.

खेळायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न होता. धरमपेठेत एक कॅफे आहे, तिथं रविवारी दुपारी पोरंपोरी असले खेळ खेळतात, तेही जुन्या नियमांनी, असं कळलं. गेलो. पंचविशीतली एक मुलगी गोष्ट सांगत होती. तिच्यासमोर तेच पुस्तक होतं. मला पाहून सगळे जरा सावरून बसले. ती म्हणाली, "काका, बसा ना. कॅरेक्टर बनवून देऊ का?"

मी म्हटलं, "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बनवतो आहे." हे असं बोलायला नको होतं. पण ती हसली.

खेळ अगदी पुस्तकाबरहुकूम चालला. मी मनातल्या मनात नियम तपासत होतो, एक चूक सापडली नाही. माझ्या वीरानं तलवार चालवली, फाशावर दोन पडला. चुकलं. पुढच्या खेपेला पुन्हा टाकला, पुन्हा दोन. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, दोन तर निघून गेला होता ना!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एक पोरगा म्हणाला, "काका, फासा आहे तो." तेवढ्यात माझा वीर मेला. वीस मिनिटांत. त्यांनी हसत हसत दुसरा कोरा कागद माझ्यासमोर सरकवला, कारण पुस्तकात तसंच आहे: मेला, नवा बनवा. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पण त्या भरल्या टेबलाशी मला घरच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

खेळ संपल्यावर मुलगी जवळ आली. "काका, दोन निघून गेला म्हणजे काय?"

मग तिला सांगावं लागलं. आमच्या काळात नागपुरात वीस बाजूंचा फासा मिळत नव्हता. सीताबर्डीची खेळण्यांची सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "सहावाला ले जाओ भैया, बीसवाला तो हमने देखाच नहीं." शेवटी मी आईच्या हाउजीच्या सेटमधून एक ते वीस नंबरांच्या सोंगट्या काढल्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. फासा टाकायचा तिथं डब्यात हात घालायचा आणि एक सोंगटी काढायची. त्यानंतर दर कोजागिरीला आमच्या कॉलनीत हाउजी खेळताना एक ते वीस आकडे चिठ्ठ्यांवर लिहावे लागायचे आणि आई माझ्या नावानं बोटं मोडायची.

चूक इथंच झाली. हाउजीत एकदा निघालेला नंबर परत डब्यात टाकत नाहीत. आम्हाला लहानपणापासून तीच सवय. म्हणून खेळातही काढलेली सोंगटी बाहेर मांडून ठेवायचो, आणि डबा पार रिकामा झाला की मगच विसाच्या वीस परत आत. झेरॉक्समध्ये नुसतं 'फासा टाका' एवढंच होतं; फासा तसा नसतो, प्रत्येक वेळी सगळे आकडे नव्यानं त्यात असतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार-चार इंजिनियर होणारे गाढव! तीन वर्षं असेच खेळलो.

मुलगी विचार करत म्हणाली, "म्हणजे वाईट नंबर निघाला तर चांगलंच ना? एक वाईट कमी झाला."

"हो."

"आणि वीस कधी ना कधी येणारच."

"येणारच."

ती म्हणाली, "काका, हा तर वेगळाच गेम आहे. या पुस्तकात नाही, कोणत्याच पुस्तकात नसेल. तुम्ही लिहून काढा ना. आपण खेळू."

मी वही आणली. नियम लिहायला बसलो. बारा पानं झरझर लिहिली आणि एका नियमाशी येऊन अडकलो: डब्यात एकच सोंगटी उरली असेल तर काय? त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते लिहायला हात उचलत नव्हता, कारण आमचा खेळ मोडला तो नेमका त्याच ठिकाणी, आणि मीच मोडला.

आम्ही चौघं होतो. गोष्ट सांगणारा मी. दोघं भाऊ होते, पुढं ते परदेशी गेले आणि तिकडचेच झाले. चौथा माझा मित्र. तो सावनेरचा, वडील कोळशाच्या खाणीत. दर रविवारी एसटीनं यायचा, आमच्या गच्चीवरच्या खोलीत. उन्हाळ्यात कूलर लावायचो, त्याच्या वाऱ्यानं कागद उडायचे, म्हणून निघालेल्या सोंगट्या कागदांवर दाबून ठेवायचो. त्याचा वीर होता एक लंगडा शिपाई. तीन वर्षं त्यानं त्याला जिवंत ठेवलं, आमचे तोवर डझनभर मेले. कोणाचा वाईट नंबर निघाला की तो म्हणायचा, "अबे, वीस आत आहे अजून. घाबरून काहून राहिला?"

हे तो खेळाबाहेरही म्हणायचा. दुसऱ्या वर्षाला मी गणितात उडालो, घरी तोंड दाखवायची सोय नव्हती, तेव्हा तो मला सावनेरला घेऊन गेला, आईच्या हातचं पोटभर खाऊ घातलं आणि म्हणाला, "वीस आत आहे बे." एवढंच. पुढच्या खेपेला मी पास झालो. त्यानंतर आयुष्यात बरंच काही झालं, आई गेली, आणि हे वाक्य मला पुन्हा कोणी म्हटलं नाही.

आता त्या दिवसाचं. माझे मामा परदेशातून आले होते. त्यांच्याकडून मी खरा फासा मागवला होता, वीस बाजूंचा, निळा, आरपार दिसणारा. सोबत नियमांचा छापील कागदही होता. तो वाचल्यावर आमची तीन वर्षांची चूक माझ्या लक्षात आली होती. फासा सकाळपासून माझ्या खिशात होता. खेळ सुरू करतानाच काढायला हवा होता. मी काढला नाही, मला थाटात दाखवायचा होता.

खेळ रंगला. शेवटी एक मोठा कोळी होता, विषारी. मित्रानं त्या दिवशी काय डोकं लावलं, काय सांगू! लहानसहान कामांसाठी त्यानं त्या दोघा भावांना सोंगट्या काढू दिल्या. दार ढकल, दोर फेक, दिवा लाव, काढ सोंगटी. स्वतः हाताची घडी घालून बसला. एकेक नंबर निघत गेला आणि वीस काही निघेना. शेवटी टेबलावर एकोणीस सोंगट्या मांडलेल्या आणि डब्यात एकच. मग त्याचा लंगडा शिपाई पुढं झाला, कोळ्यानं त्याला दंश केला. वाचायला अकरा किंवा जास्त हवे होते. आत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. दोघं भाऊ टाळ्या पिटत होते. "काय डोकं आहे याचं!"

मला राग आला. खरं सांगायचं तर जळलो मी. भुयार मी आखलं, रात्रंदिवस ट्रेसिंग पेपरवर नकाशे मी काढले, आणि टाळ्या त्याला. मी खिशातून फासा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "डबा बंद. खरा नियम हा आहे. आपण तीन वर्षं चुकीचं खेळलो."

छापील कागद दाखवला. त्यानं तो शांतपणे पूर्ण वाचला. म्हणाला, "बरोबर आहे. पुढच्या रविवारपासून कर ना मंग. आज डब्यात एक उरली आहे."

"नियम म्हणजे नियम."

"आजच?"

"आजच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भावांनी टाळ्या थांबवल्या होत्या. मला तेव्हासुद्धा मागं घेता आलं असतं, मी घेतलं नाही. त्यानं फासा उचलला, टाकला. सहा पडला. लंगडा शिपाई मेला.

तो भांडला नाही. पेन्सिल खाली ठेवली, त्याच्या वीराचा कागद तिथंच राहू दिला आणि "चलतो, गाडी आहे" म्हणून उठला. गाडीला अजून दीड तास होता. पुन्हा तो आला नाही. खेळ तिथंच संपला. त्याच्या लग्नाची पत्रिका आली होती, मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा नंबर होता, रोज दिसायचा. सत्तावीस वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

एकोणीस सोंगट्या मी तेव्हा कंपासपेटीत भरल्या. डबा तसाच ठेवला. उघडला नाही. घरं बदलली, डबा सोबत आला. हलवला की आत एक सोंगटी वाजायची.

वहीतला तो नियम अडल्यावर आठवडाभर मी चिडचिड केली, मग त्याला दोन शब्द पाठवले: "येऊ का?" दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी शंभरदा फोन पाहिला असेल. मग आलं: "ये ना. घर काय पळून चाललं?"

रविवारी सावनेरची गाडी पकडली. पिशवीत नवं पुस्तक, निळा फासा, कंपासपेटी आणि डबा. गाडी खड्ड्यातून गेली की डबा वाजायचा, शेजारची बाई पिशवीकडे पाहायची.

तो दारातच उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. तोही खाणीच्याच ऑफिसात लागला होता. त्याची बायको म्हणाली, "या भाऊजी, बसा. तुमचं नाव खूप ऐकलं." मला वाटलं, माझ्याबद्दल काय ऐकलं असेल हिनं? विचारायची हिंमत झाली नाही. तिनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

मी पुस्तक पुढं केलं. त्यानं चष्मा लावून पानं उलटली. "अबे, चिलखताचं उफराटं तसंच ठेवलं!" तो हसला. तक्त्यातली चूक पाहून आणखी हसला. "हुबेहूब आहे गा. काहीच सुटलं नाही." मग पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं. "पण याच्यात डबा कुठं आहे?"

मी पिशवीतून डबा काढला. तो वाजला. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"उघडला नाही तू?"

"नाही."

"एवढी वर्षं?"

"तुझी पाळी होती," मी म्हटलं. आणि मग माझं उरलंसुरलं अवसान गेलं. "माफ कर बे. मला नियमाचं काही पडलं नव्हतं. ते दोघं तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होते, ते मला पाहवलं नाही."

त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "मले माहीत होतं. पण त्या छापील कागदात तसंच होतं ना. तू चुकला असता तं मी भांडलो असतो, दोन लगावल्या असत्या, अन् पुढच्या रविवारी आलो असतो. तू बरोबर होता. मंग काय करू, उठून गेलो."

त्यानं डबा घेतला. झाकण गंजलं होतं, निघेना. त्यानं ते चमच्यानं उचकटलं. आत न पाहता हात घातला, अगदी तेव्हासारखा, मान वर करून. सोंगटी काढली आणि तळहातावर ठेवली. वीस.

"वाचला," तो म्हणाला.

माझे डोळे भरले. त्याचेही भरले असतील, तो चष्मा पुसत होता. मग मी घाई केली. तीच माझी खोड. कंपासपेटी उघडली, एकोणीस सोंगट्या टेबलावर ओतल्या. "डबा रिकामा झाला. आता सगळ्या परत आत. टाक ना, पुढचा डाव सुरू करू. मी दर रविवारी येईन. तुला नागपूरला यायचीही गरज नाही."

त्यानं त्या सोंगट्यांकडे पाहिलं. एकेक उचलून डब्यात टाकायला लागला, मोजून, एकोणीस. मला वाटलं, झालं, जमलं! पण विसावी त्यानं टाकली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली, पेनाच्या बाजूला.

"नाही गा. माह्याच्यानं आता होत नाही," तो म्हणाला. "रागानं नाही सांगून राहिलो. तो शिपाई वाचला, मले तेवढंच पाह्यजे होतं. त्याले आता पुन्हा भुयारात नाही पाठवत मी. तू खेळ. हा माह्यापाशी राहते."

जेवल्याशिवाय वहिनींनी सोडलं नाही. जेवताना आम्ही दोघांच्या गुडघेदुखीबद्दल बोललो, त्याच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोललो. गाडीपर्यंत तो सोडायला आला. मी खिडकीशी बसलो आणि तो खाली उभा राहिला, गाडी हलेपर्यंत, हात खिशावर ठेवून. मी वाट पाहत होतो की तो म्हणेल, "वीस आत आहे बे." तो म्हणाला, "पोचला की फोन कर."

घरी येऊन मी फोन केला. "पोचलो." "बरं झालं." फोन ठेवला.

मग वही पुढं ओढली आणि अडलेला नियम लिहून काढला: एकच उरली असेल तर तीच काढायची, डबा मध्येच बंद करायचा नाही. वही आता कॅफेतल्या त्या मुलीला द्यायची आहे. ती सोंगट्या मोजून मला विचारणारच, कारण पुस्तकाबाहेरचं तिला चटकन दिसतं. म्हणून आणखी एक नियम मी अगदी पहिल्या पानावर, नकाशावर लिहितो तशा सरळ अक्षरांत लिहिला आहे. डब्यात एकोणीस सोंगट्या असतात. विसावी सावनेरला असते. ती हवी असेल त्यानं स्वतः जाऊन मागावी.

मी अजून मागितलेली नाही.